पत्रांचं रेशन

दुमियात गावात मादाम इन्शिराहबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मं खरं आणि उरलेलं निम्मं तिच्या थोरल्या जावेनं पसरवलेलं. खरं आहे ते एवढंच, की बाईचा हात आखडता. आता आमचं सगळं गावच इजिप्तभर चिकट म्हणून बदनाम, पण या गावातही जिला चिकट म्हणतात ती ही.

बावीस वर्षं ती सहकारी दुकानात रेशनच्या काउंटरवर होती. तेल, साखर, तांदूळ, चहा. तिच्या मापातून थेंबभर तेल जास्त मिळालं असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. एकदा पुरवठा खात्याचा साहेब आपल्या सासूसाठी दोन किलो साखर जास्त मागायला आला. बाईंनी सासूचं कार्ड मागितलं. कार्ड नाही म्हणाला, तर म्हणाल्या, "मग सासूलाच घेऊन या. बघू तरी, तिला खरंच साखरेची गरज आहे का." साहेब हसला नाही. मागची सगळी रांग हसली, आणि त्या हसण्यापायी बाईंची बढती चार वर्षं लांबली.

निवृत्त झाल्यावर ती घरी बसली आणि सून भाजीत किती तेल घालते ते बघू लागली. सून दोन महिने टिकली. तिसऱ्या महिन्यात मुलानं, हानीनं, हाज मुतवल्लीचे पाय धरले आणि आईला त्याच्या ऑफिसात चिकटवलं.

हाज मुतवल्लीचा फर्निचरचा कारखाना. खाली बत्तीस माणसं लाकूड कोरतात, घासतात, सोनेरी वर्ख लावतात. फ्रान्सचे राजे बसायचे म्हणे तसल्या, वाकड्या पायांच्या खुर्च्या. आमच्या गावात त्या इतक्या बनतात की ते सगळे राजे खानदानासकट परत आले तरी एकालाही उभं राहावं लागणार नाही. वर माडीवर ऑफिस. तिथे एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि हाजच्या बायकोचा भाऊ वग्दी. वग्दीला सगळे इंजिनियरसाहेब म्हणत. फ्रीज दुरुस्तीचा कोर्स त्यानं अर्ध्यात सोडला होता, पण खिशाला पेन असलेल्या माणसाला इंजिनियर म्हणायला आमच्याकडे काही लागत नाही.

बाईंचं काम परदेशातल्या हॉटेलांना, दुकानांना, घरं सजवून देणाऱ्यांना मेल पाठवायचं. आम्ही अमुक अमुक, असं असं लाकूडकाम करतो, एकदा बघा तरी. ओळख ना पाळख, पण पत्र. पहिल्याच आठवड्यात बाईंना कळलं, की अशा पत्रांवर पहारा असतो. एका पेटीतून दिवसाला पन्नासच्या आसपास पत्रं सुटली तर मेल कंपनीचा पहारेकरी डोळे मिटून घेतो. त्याच्या वर गेलात की तो दचकून जागा होतो, हा कोण फेरीवाला म्हणतो आणि तुमची पत्रं थेट स्पॅममध्ये लोटतो. तरी ऐकलं नाहीत तर पेटीलाच कुलूप.

दुसरी कुणी असती तर वैतागली असती. मादाम इन्शिराहच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे रेशनच की हे!" ती म्हणाली.

तिनं लगेच जाड वही काढली, रकाने पाडले. चार पेट्या. दर पेटीला पन्नास. दोन पत्रांमध्ये सात मिनिटांचं अंतर. कुठल्या पत्त्यावर किती वाजता पत्र गेलं, मिनिटासकट. नको म्हणाला त्याच्या नावावर लाल रेघ, मेलेल्या पत्त्यावर काळी. नवी पेटी उघडली की पहिल्या आठवड्यात रोज पाचच पत्रं, दुसऱ्यात दहा. नव्या सुनेच्या हाती पहिल्या दिवशी कोठीच्या किल्ल्या देत नाहीत, तसं. निदान तिनं तरी दिल्या नव्हत्या.

हाजला हे झेपेना.

"मादाम, बटण दाबलं की जातं ना? मग पन्नास का? पाच हजार जाऊ देत!"

"हाज, तुमच्या दुकानात एकदम पाच हजार माणसं शिरली तर तुम्ही काय कराल?"

"गिऱ्हाईकं असली तर चहा सांगेन."

"पाच हजारांना? तुम्ही?"

हाजनं जरा विचार केला आणि पन्नास कबूल केले.

असे नऊ महिने गेले. रोज दोनशे पत्रं, ना एक जास्त ना एक कमी. आठवड्याला सात-आठ उत्तरं यायची. त्यातली पाच "नको" अशी, पण सभ्य. आणि या सात-आठांतूनच एके दिवशी ओमानमधल्या सलाला गावचं एक मोठं हॉटेल गळाला लागलं. शहाऐंशी खोल्या. पलंग, आरसे, खुर्च्या, सगळं नवं करायचं होतं. त्यांनी लिहिलं, निविदा भरा. ईदनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, तुमच्या घड्याळात दुपारी दोनच्या आत, आणि नोंदवलेल्या पत्त्यावरूनच मेल आला तर धरला जाईल. नोंदवलेला पत्ता होता हाज मुतवल्लीच्या नावाच्या पेटीचा.

गावात तेव्हा मंदी होती. समोरच्या तीन कारखान्यांनी माणसं घरी पाठवली होती. हे काम मिळालं तर बत्तीस माणसांना थंडीपर्यंत पुरणार होतं आणि नाही मिळालं तर त्यातल्या निम्म्यांना हाज काय सांगणार होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. कोरीवकामाचा म्होरक्या शाकिर रोज सकाळी जिना चढून यायचा, दारातूनच बाईंकडे बघायचा. बाई 'अजून नाही' अशी मान हलवायच्या. तो खाली जायचा.

मग मोठी ईद आली, कुर्बानीची.

आता ईदच्या शुभेच्छांचं आमच्याकडे असं आहे, की द्यायच्या तर सगळ्यांना. एकाला चुकून राहिल्या तर तो पुढच्या ईदपर्यंत लक्षात ठेवतो आणि मेला तर मुलांना सांगून मरतो. हाज मुतवल्ली तरुणपणी ईदच्या सकाळी गल्ल्या पालथ्या घालायचा, एक दुकान सोडायचा नाही. आता गुडघे गेले होते. ईदच्या आदल्या दिवशी मादाम इन्शिराह त्या दिवसाचा रोजा धरून घरी होती. ऑफिसात हाज आणि इंजिनियरसाहेब दोघेच.

"हाज," वग्दी म्हणाला, "आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा गेल्या पाहिजेत."

"गेल्याच पाहिजेत. पण मादाम पन्नास म्हणतात."

"अहो, तो नियम धंद्याच्या पत्रांना. सणाच्या शुभेच्छांना कोण मर्यादा घालेल? काफर आहे का ती कंपनी?"

हाजला हे पटलं. आणि इथंच माती खाल्ली. सणाच्या शुभेच्छा मोजून द्यायच्या असतात, हे आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात शिरलं नसतं; साखर मोजणाऱ्यांच्या गावालाही शुभेच्छा मोजता येत नाहीत. वग्दीनं कैरोच्या एका कॉफीघरात कुणाकडून तरी पत्त्यांची यादी घेऊन ठेवली होती, नऊ हजार एकशे चाळीस नावांची. शुभेच्छा घरच्या माणसाच्या नावानं जाव्यात म्हणून पेटी निवडली खुद्द हाजची. मजकूर दोन ओळींचा आणि खाली चित्र: सोनेरी खुर्चीवर बसलेला मेंढा. मेंढ्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्या दिवशी काय व्हायचंय ते त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

वग्दीनं बटण दाबलं. अडीच हजारांच्या आसपास पत्रं सुटली आणि पेटीला कुलूप लागलं.

ईदची सुट्टी संपून मंगळवारी मादाम इन्शिराह कामावर आली. पर्स खुंटीला, वही टेबलावर, चष्मा नाकावर. पेटी उघडली. आत काय काय आलंय ते खालपर्यंत बघितलं.

"माझ्या कोठीत कोण शिरलं होतं?"

हाज खिडकीबाहेर बघू लागला. वग्दी पंख्याकडे.

पेटीचं कुलूप एका दिवसात निघालं होतं, पण कंपनीनं तिला पथ्यावर ठेवलं होतं: कुठल्याही चोवीस तासांत वीस पत्रं, पुढचे पंधरा दिवस. एकविसावं सुटलं तर पुन्हा कुलूप. आणि आत उत्तरांचा ढीग. व्हिएन्नामधल्या एका शाकाहारी मंडळानं निषेध कळवला होता. फिनलंडच्या एका पाद्रीबाबांनी मात्र प्रेमानं आभार मानून विचारलं होतं, मेंढ्याचं नाव काय. बाकी कित्येकांनी काही न लिहिता "हे स्पॅम आहे" असं बटण दाबलं होतं. बाईंनी हानीच्या पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहिलं. फोन करून विचारलं.

"आलं, आई. स्पॅममध्ये."

तिनं सलालाला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. म्हणाला, "बाई, आमच्या पेटीत आलेलं आम्ही उघडतो. पहाऱ्यानं बाहेर फेकलेलं आम्हाला दिसत नाही. सगळ्यांना एकच नियम."

बाईंनी फोन ठेवला. असा नियम तिनं स्वतः बावीस वर्षं लोकांना ऐकवला होता. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो ते आज तिला कळलं.

"हिच्यामुळेच झालं," वग्दी म्हणाला. "नऊ महिने पन्नास-पन्नास. पेटीला सवयच नाही राहिली. अशक्त झाली ती."

"इंजिनियरसाहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही फ्रीज अर्ध्यात सोडलात ते लोकांच्या दुधाचं नशीब."

हाज दोघांच्या मध्ये पडला. "मादाम, आता काय करायचं ते सांगा. निविदा पोचली नाही तर खालची माणसं..."

"नऊ दिवस आहेत. रोज थोडी पत्रं. पण खरी. खऱ्या माणसांना, खरी विचारपूस, आणि त्यांची खरी उत्तरं. लोक आपण होऊन लिहितायत असं पहारेकऱ्याला दिसलं, तर तो हळूहळू विश्वास टाकतो. खोट्या पत्राचा त्याला वास येतो."

"पण रोज उठून मनापासून पत्र लिहायला रिकामं कोण आहे?"

बाईंनी खिडकीतून खाली बघितलं. गल्लीत उम्म रिदा आणि तिच्या चार मैत्रिणी मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसल्या होत्या, आणि पानांपेक्षा जास्त वेगानं कुणाची तरी अब्रू.

पहिल्या दिवशी पाच पत्रं गेली, हाजच्या पेटीतून, बाईंच्या हातची. "उम्म रिदा, गुडघा कसा आहे? तुमच्या भाचीचं लग्न ठरलं असं ऐकलं, खरं का?" पाचही पत्रं पाचही फोनांत स्पॅममध्ये जाऊन पडली. बाईंनी बायकांना जिन्यात उभं करून शिकवलं: इथे जा, हे उघडा, "हे स्पॅम नाही" हे दाबा, मग उत्तर लिहा.

"मला कचऱ्यात टाकलं?" उम्म रिदा कडाडली. "मला? माझं घराणं काय, त्या कंपनीचं काय!"

"तेच लिहा उत्तरात," बाई म्हणाल्या.

आणि मग बायका लिहू लागल्या. देवाशपथ, अशा लिहू लागल्या, की दुमियातमध्ये आजवर झालेला सगळा लेखी व्यवहार एका बाजूला आणि त्या आठवड्यातला एका बाजूला. भाचीचं लग्न ठरलं होतं, मग मोडलं होतं, मग मुलाच्या आईनं पाठवलेली बांगडी पितळेची निघाली होती. दुसरीनं लिहिलं, पितळेची नव्हती, उम्म रिदानंच घासून घासून वर्ख काढला. बाई रोज सकाळी नमुन्याची तपासणी करायच्या: किती स्पॅममध्ये, किती दारातून आत. तिसऱ्या दिवशी बारा पत्रांतली नऊ कचऱ्यात. पाचव्या दिवशी निम्मी.

भांडण लागलं ते कोट्यावरून. विसांत किती मावणार?

"तिला काल दोन पत्रं आली," एक जण जिन्यात येऊन म्हणाली. "मला एक. का?"

"तिनं दोन पानी उत्तर दिलं होतं. तुम्ही 'अल्हम्दुलिल्लाह बरी आहे' एवढंच."

"मग मी बरी असले तर माझा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही. पण उद्या जरा बऱ्या राहू नका."

हाज सुरुवातीला या पत्रांकडे बघतही नव्हता. चौथ्या दिवशी तो बाईंच्या खुर्चीमागे उभा राहून वाचू लागला. पाचव्या दिवशी चहा घेऊन आला, आणि आमच्या हाजनं स्वतःहून कुणासाठी चहा आणणं ही गावात बातमी आहे.

"उम्म रिदाचं आलं का? बांगडीचं काय झालं?"

"सोनाराकडे गेलीय."

"पितळ निघणार. लिहून घ्या माझ्याकडून!"

पण गल्लीतल्या बायका संपल्या. आणखी माणसं हवी होती, लांब लिहिणारी. बाईंनी चष्म्यावरून हाजकडे बघितलं.

"तुमची बहीण."

हाजचा चहा सांडला. तफीदा आणि तो सहा वर्षं बोलले नव्हते. तफीदाच्या मुलीच्या लग्नासाठी दिवाणखान्याचा पूर्ण संच करून देतो असं हाजनं कबूल केलं होतं आणि अकरा महिने "या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात" करत टोलवलं होतं. शेवटी तफीदा उठली आणि समोरच्याच गल्लीतल्या वैऱ्याकडून संच घेऊन मुलीला सासरी धाडलं. सगळ्या गावासमोर फर्निचरवाल्याची भाची दुसऱ्याच्या खुर्च्यांवर बसून नवरी झाली. यापेक्षा तिनं त्याला चौकात थोबाडलं असतं तर त्यानं माफ केलं असतं.

"तिला मी पत्र लिहिणार नाही."

"नका लिहू. शाकिरला सांगते मी, पहारेकऱ्याची मर्जी राखायला पत्रं कमी पडली म्हणून."

हाजनं बराच वेळ पंख्याकडे बघितलं. मग तीन शब्द सांगितले: "तफीदा, कशी आहेस?"

दीड तासात उत्तर आलं. अडीच पानं. हाज वाचत गेला तसा लाल होत गेला.

"शिव्या आहेत सगळ्या!"

"देवा, केवढं लांब!" बाईंचा चेहरा उजळला. "पहारेकरी खूश होणार. हाज, याचं उत्तर द्या."

"शिव्यांचं?"

"तो शिव्या मोजत नाही, उत्तरं मोजतो."

हाजनं तीन पानं सांगितली. बाईंनी त्यांची दीड केली, कारण काही शब्द तिला टाइप करायला लाज वाटली. तफीदानं चार पानं धाडली. तीन दिवस हे चाललं. मध्येच एका पत्रात तिच्याकडून लिहून गेलं, की वैऱ्याच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. हाज ते पत्र घेऊन खाली कारखान्यात गेला आणि यंत्रं बंद करवून बत्तीस माणसांना वाचून दाखवलं.

बुधवारी सगळी पत्रं दारातून आत गेली. एकही कचऱ्यात नाही. बाईंनी त्या दिवशी मुद्दाम एकोणीसच पाठवली. विसावं निविदेसाठी राखून ठेवलं. हाज आणि शाकिर यांचं दरावरून अजून चाललंच होतं, अक्रोडाचं लाकूड की बीचच्या झाडाचं. आकडा गुरुवारी सकाळीच ठरणार होता.

गुरुवारी साडेदहाला आकडा ठरला. कागद तयार झाले. बाईंनी पेटी उघडली, वही उघडली, आणि पेटीतला आकडा बघून वहीतला आकडा पुन्हा मोजला.

"वीस," ती म्हणाली. "हे विसावं कुणी पाठवलं? सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी?"

वग्दीनं दोन्ही हात वर केले. "कुराणाची शपथ, मी झोपलो होतो!"

हाज टेबलावरचे कागद पुन्हा सारखे करू लागला. तेव्हाच बाईंना कळलं.

"हाज. तुम्ही?"

"लवकर जाग आली," हाज म्हणाला. "एकच तर होतं."

"एकच होतं तेच तर होतं! कुणाला?"

"तफीदाला."

"काय लिहिलंत?"

"ते मी सांगणार नाही."

बाईंनी बोट वहीवर फिरवलं. चोवीस तास कंपनीचे, पंचांगाचे नव्हेत. कालचं एखादं पत्र चोवीस तासांचं झालं की मगच एक जागा मोकळी. काल बायकांची स्वयंपाकपाणी उरकायची वेळ साधून पहिलं पत्र सुटलं होतं एक वाजून त्रेचाळीस मिनिटांनी.

"एक त्रेचाळीसला जागा होईल. दोनला दार बंद. सतरा मिनिटं."

"आत्ताच पाठवा!" वग्दी म्हणाला. "एकानं काय होतंय?"

"कुलूप होतं."

"मादाम, धोका तर पत्करायला—"

"इंजिनियरसाहेब, तुम्ही खाली जाऊन बसा. खुर्च्या पुष्कळ आहेत."

तीन तास सगळे घड्याळाकडे बघत बसले. शाकिर जिन्यात येऊन उभा राहिला, त्याच्या मागे आणखी दहा-बारा जण, केसांत भुसा. खालचा आवाज बंद पडला होता. नऊ वाजता तफीदाचं एक पत्र येऊन पडलं होतं, एकाच ओळीचं: "हे खरंच तू लिहिलंस, का त्या रेशनवालीनं?" हाज ते पुन्हा पुन्हा बघत होता आणि उत्तर देता येत नव्हतं. त्याला हात बांधून पाकातल्या गोड मिशब्बकच्या परातीसमोर बसवल्यासारखं झालं होतं.

एक त्रेचाळीस झाले.

"दाबा!" जिन्यातून आवाज आला.

"कंपनीचं घड्याळ आपल्या मागे असलं तर?" बाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. हाजच्या तोंडून एक शब्द निघाला जो त्यानं हजहून आल्यापासून उच्चारला नव्हता. सेहेचाळीसला बाईंनी बटण दाबलं. वग्दीनं हौसेनं चौदा फोटो जोडले होते, म्हणून पत्र हलता हलेना. पडद्यावर चकती फिरत राहिली. एक एकावन्नला चकती थांबली. गेलं.

आता पोच यायला हवी होती. आणि तेवढ्यात जिन्यातली माणसं दोन्ही बाजूंना फाकली आणि त्यांच्यामधून, धापा टाकत, तफीदा वर आली.

"मुतवल्ली! सकाळी पत्र लिहितोस आणि मग गप्प? पाच तास?"

"मर्यादा संपली होती," हाज पुटपुटला.

"मला मर्यादा? सहा वर्षं तुझ्या तोंडाला कुलूप, आणि आता मेलला?"

"बाई, जरा थांबा, सलालाची पोच—" मादाम इन्शिराह म्हणाली.

"सलाला गेलं खड्ड्यात. ते पत्र तुझं का हिचं, तेवढं सांग."

मादाम इन्शिराहनं दोन्ही हात टेबलावरून उचलून दाखवले. "यात माझं एक अक्षर नाही. माझ्या कोठीतून चोरलंय त्यानं."

"मग तोंडानं म्हण," तफीदा भावाला म्हणाली.

जिन्यात बारा माणसं. वग्दीही जिना चढून आला होता. हाजनं पंख्याकडे बघितलं, पंख्यानं मदत केली नाही.

"तो संच झाला होता," तो म्हणाला. "तिसऱ्याच महिन्यात. पोर्ट सईदचं एक गिऱ्हाईक आलं, मी त्याला विकला. मग दुसरा केला, तोही विकला. चार वेळा. मला सांगायला तोंड नव्हतं म्हणून तुझ्यावर रुसून बसलो."

"चार वेळा!" तफीदा म्हणाली. "चार!" आणि तिनं पर्स उगारली. ती कुठे पडली असती कोण जाणे, पण कॉम्प्युटर टिंग वाजला. सगळे थांबले. बाईंनी चष्मा सारखा केला.

"'आपली निविदा मिळाली. एक वाजून चोपन्न मिनिटं.'"

जिन्यात असा आरडाओरडा झाला की गल्लीतल्या बायका आग लागली समजून बादल्या घेऊन आल्या. शाकिरनं वग्दीचं चुंबन घेतलं. चुकून घेतलं, पण वग्दीनं ते मानाचं समजून ठेवून घेतलं. तफीदा वाट पाहत उभी होती. गलका ओसरल्यावर तिनं पर्सचं राहिलेलं काम पुरं केलं आणि मग भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तीन आठवड्यांनी सलालाहून कळलं. शहाऐंशीतल्या साठ खोल्या. उरलेल्या सव्वीस एका तुर्की कंपनीला. हाजनं तुर्कांना दुपारभर शिव्या घातल्या, जणू त्या सव्वीस खोल्या त्याच्या बापाच्या होत्या. खाली यंत्रं दोन पाळ्यांत चालू लागली. बत्तीसपैकी एकालाही घरी पाठवावं लागलं नाही, उलट समोरच्या कारखान्यातले सहा जण इकडे आले.

संध्याकाळी हाज माडीवर आला. बाई वही मिटत होत्या.

"मादाम, मागा. काय हवं ते मागा. आज मी नाही म्हणणार नाही."

बाईंनी विचार केला. "सगळ्या पेट्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. तुमच्या नावाचीसुद्धा."

"दिल्या."

"बहिणीला काही सांगायचं तर पायी जाऊन सांगायचं."

"ती ऐकतच नाही, तीच बोलते. पण बरं. आणखी?"

"पाचवी पेटी. नव्या पेटीला वेळ लागतो, आत्तापासून सुरू केली तर थंडीत कामाला येईल."

हाज जरा सावध झाला. "ती पडते केवढ्याला?"

"महिन्याला दोन चहांएवढी."

हाजनं जिन्याकडे बघितलं. खालून रंध्याचा आवाज येत होता. साठ खोल्या, अडतीस माणसं, सबंध थंडीचं काम. त्यानं छातीवर हात ठेवला.

"एका चहात नाही का बसत?"